युटेथिसा पुल्चेला (ठिपकेदार पतंग)

गवताळ, उघड्या रानात आढळणारा एरेबिडी कुळातील छोटा पतंग. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. पंखांचा विस्तार साधारण ३ ते ४ सेंमी. विदर्भात शेताचे धुरे (बांध), पडीत रान आणि गावाची ई-क्लास जमीन (गायरान) हे त्याचे ठिकाण. तो दिवसाही उडतो, त्यामुळे बहुतेक जण त्याला फुलपाखरूच समजतात.

बसल्यावर तो पंख अंगाला लपेटून घेतो आणि गवताच्या काडीवर एखाद्या अरुंद सुरळीसारखा दिसतो. पांढुरक्या पुढच्या पंखांवर लाल ठिपके, त्यांच्या मधून बारीक काळे टिपके. पाऊल पडताच भुर्रकन उडतो, तेव्हा मागचे पांढरे पंख आणि त्यांची वेडीवाकडी काळी किनार दिसते. चार-पाच हातांवर पुन्हा बसला की नजरेआड. मिशा दोऱ्यासारख्या असतात, फुलपाखराच्या मिशांसारखी टोकाला गाठ नसते. युटेथिसा लोट्रिक्स ही अगदी तशीच दिसणारी जातही भारतात आहे. म्हणून नुसत्या फोटोवरून ‘युटेथिसा’ एवढेच लिहावे, हे बरे.

पतंग शोधायचा तर आधी खुळखुळा शोधावा, कारण त्याची अळी याच झाडावर वाढते. वाळलेल्या शेंगेतले बी वाजते म्हणून झाडाला हे नाव. त्याचाच भाऊबंद असलेल्या तागावरही ही अळी पडते. अंड्यातून निघालेली अळी आधी पाने खाते, मोठी झाली की शेंगेत डोके घालून कोवळे बी फस्त करते. अळी केसाळ व काळपट. पाठीवर पांढरा पट्टा, त्याला छेदणाऱ्या नारिंगी आडव्या रेघा. पुढे पालापाचोळ्यात पातळ रेशमी वेष्टणात ती कोष करते. उबेच्या दिवसांत हा फेरा साधारण महिनाभरात पुरा होतो.

खुळखुळ्यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइडे, म्हणजे कडू विषारी द्रव्ये, अळी अंगात साठवते आणि ती पतंगातही उतरतात. भडक ठिपके म्हणजे या कडूपणाची जाहीर सूचना. याच्या अमेरिकी भाऊबंदाला, युटेथिसा ऑर्नाट्रिक्सला, कोळी जाळ्याचे धागे तोडून मोकळा करतो, असे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइसनर यांच्या अभ्यासात दिसले.

धुऱ्यावर सरसकट तणनाशक मारले की खुळखुळा जातो, आणि या पतंगाच्या अळ्यांचे खाणेही. धुरा राखलेला असेल तर पावसाळा सरताना हिरव्या शेंगा न्याहाळाव्यात. भोक पडलेल्या शेंगेतून अळीचे अर्धे अंग बाहेर लोंबताना दिसते.