कळस, वीज आणि तांब्याची पट्टी

वळवाचे ढग दाटू लागले की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. देवळाच्या कळसात वीज शोषून घेण्याची शक्ती असते, तेव्हा गडगडाट झाला की देवळात जा. देव पाठीशी आहे, केसालाही धक्का लागायचा नाही. देवावर भरवसा ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. हरकत आहे ती ‘शोषून घेण्या’ला. उंचावरचा धातूचा कळस विजेला जवळ ओढतो, आणि तिला जमिनीत उतरवायची सोय केलेली नसेल तर शिखराचे दगड फुटतात, कारण दगडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते.

वीज पडते कशी? ढगाच्या तळाचा ऋण प्रभार सुमारे ५० मीटरचा एकेक टप्पा घेत खाली उतरतो. तो जवळ आला की कळस, माड, मोबाइलचा टॉवर, शेतात उभा माणूस अशा प्रत्येक उंच टोकातून धन प्रभाराचा एकेक धागा वर निघतो. ज्याची गाठ आधी पडेल त्याच्यातून सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. ही गाठ किती अंतरावरून पडते ते विजेच्या ताकदीवर ठरतं: किलोअँपिअरमधल्या प्रवाहाचा ०.६५ वा घात काढायचा आणि त्याला १० ने गुणायचं, की मीटर मिळतात. १६ किलोअँपिअरला ६० मीटर, ३ किलोअँपिअरला जेमतेम २०. म्हणजे दुबळी वीजच जास्त फसवी. ती अगदी जवळ येईपर्यंत कळसाची दखल घेत नाही आणि बाजूच्या दीपमाळेवर नाहीतर मंडपाच्या पत्र्यावर कोसळते. म्हणून कडक संरक्षणाच्या आराखड्यात २० मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोळा देवळावरून लोळवतात. तो जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. लांबलचक सभामंडपाचा कोपरा बहुधा सापडतोच.

कळसापासून जमिनीपर्यंत २५ × ३ मिलिमीटरची तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी नेतात; एक पुरत नाही, निदान दोन हव्यात, समोरासमोरच्या बाजूंनी. खरी चूक इथे होते. पट्टी दिसू नये म्हणून मिस्त्री ती कंगोऱ्यांवरून काटकोनात वाकवत नेतात, किंवा रंगकाम करताना कापून पुन्हा जोडायचं विसरतात. ‘तांबं आहे, रोध नगण्य’ हा हिशेब विजेला लागू पडत नाही. पट्टीचं प्रवर्तन, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला तिचा होणारा विरोध, मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री असतं, आणि प्रवाह एका मायक्रोसेकंदात ३०,००० अँपिअरने चढला तर प्रत्येक मीटरवर ३०,००० व्होल्टचा फरक पडतो. १० मीटरला तीन लाख! एवढ्यात अर्धा मीटर हवा ओलांडून वीज घंटेच्या साखळीवर, ग्रिलवर, माइकच्या वायरवर उडी घेते. त्यावर उपाय म्हणजे पट्टी सरळ ठेवायची, जवळचा धातू तिला जोडून टाकायचा आणि वीजमीटरच्या बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा अचानक आलेला लोंढा जमिनीकडे वळवणारं उपकरण) बसवायचा.

खाली अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत हवा. काळ्या मातीत तो सहज मिळतो. सह्याद्रीतल्या डोंगरमाथ्यावर मात्र खाली कातळ, तिथे एक खड्डा खणून काही होत नाही. देवळाभोवती अर्धा मीटर खोल पट्टीचं कडंच पुरावं लागतं. प्रवाह जमिनीत पसरताना काय होतं तेही पाहा. मातीची रोधकता, म्हणजे प्रवाह अडवण्याचा गुण, १०० ओहम-मीटर आणि प्रवाह तोच ३०,००० अँपिअर धरला, तर वीज पडल्या जागेपासून १० मीटरवरच्या म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत सुमारे ६,००० व्होल्टचा फरक येतो, कारण त्यांच्यात दीड मीटर अंतर असतं. गुराख्याच्या अर्ध्या मीटरच्या पावलात तो २,२०० च्या आसपास, पाय जुळवले तर काहीशे. शिवाय म्हशीच्या बाबतीत प्रवाहाची वाट छातीतून जाते. जनावरं दगावतात, गुराखी वाचतो आणि गाव म्हणतं, देव तारी त्याला कोण मारी. (पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, जन्मताना आधी पाय आले की डोकं, याचा विजेला पत्ताही नसतो.)

युरोपातही अशीच श्रद्धा होती. वादळात चर्चच्या घंटा वाजवून वीज पळवत, आणि ओला दोर धरून उंच मनोऱ्यात उभे असलेले घंटावालेच मरत. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मनोऱ्याची विजेने वारंवार पडझड केली, १७४५ मध्ये तर फारच. १७७६ मध्ये त्यावर विजेची सळई बसवली. ‘१०० मीटर परिसर सांभाळतो’ म्हणून आज विकला जाणारा महागडा अरेस्टर (वीज पकडायचं खास टोक) साध्या सळईपेक्षा लांबून वीज पकडतो, याला मात्र खऱ्या विजेच्या निरीक्षणांत आधार मिळालेला नाही. देवस्थानाच्या विश्वस्तांनी तेवढ्या पैशात चार पट्ट्या जास्त टाकाव्यात.

लखलखाट आणि गडगडाट यांत ३ सेकंद म्हणजे १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. देवळात थांबायचं तर पत्र्याचा उघडा मंडप टाळा. बंद खोलीत, भिंत, घंटा आणि ग्रिल यांना न टेकता बसा.