गोव्यातला रक्तक्षय: थेंब बोटाचा की शिरेचा?

गोव्यातल्या बायकांमध्ये रक्तक्षय वाढल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. १५ ते ४९ वयोगटात आधीच्या फेरीत ३१.३ टक्के असलेले प्रमाण ३९ वर गेले, तर लहान मुलांत ते ४८.३ वरून ५३.२ झाले. देशभरातल्या स्त्रियांचा आकडा ५७, त्यामानाने आपण बरे. तरी ज्या प्रदेशात मासळीशिवाय ताट पुरे होत नाही, तिथे पाचातल्या दोघी, हे पचायला जड जाते.

मुक्तीपूर्व काळात मलेरिया, अनवाणी शेतकामातून होणारा अंकुशकृमी आणि लागोपाठची बाळंतपणे ही कारणे होतीच. वैद्य पांडुरोग म्हणत, घरात ‘अंगात रगत ना’ एवढेच. पुढे १९७० मध्ये देशात लोहगोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईच्या गोळीतले लोह आधी ६० मिलिग्रॅम, नंतर १००, आणि २०१८ च्या धोरणात परत ६०.

खरा वाद मात्र मोजण्याचा आहे. पाहणीत बोटाला सुई टोचून एक थेंब घेत आणि तो हातातल्या यंत्रात तपासत. घरोघरी फिरायला हे सोयीचे. पण थेंब नीट आला नाही की बोट दाबतात, ऊतींमधला द्राव त्यात मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी भरू शकते. एकाच बोटाचे दोन थेंबही कधी वेगळे बोलतात. २०१६-१८ च्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत शिरेतले रक्त घेतले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्केच निघाला. बोटाच्या थेंबावर २०१५-१६ मध्ये पाचाखालील मुलांत तो ५८.६ होता. म्हणून कुटुंब आरोग्य पाहणीच्या पुढच्या, सहाव्या फेरीतून ही चाचणीच वगळली आणि शिरेच्या रक्तावर आधारलेल्या वेगळ्या पाहणीकडे काम सोपवले.

शास्त्राच्या कसोटीवर निर्णय चुकला असे म्हणवत नाही. पण विरोधकांचा एक सवाल बिनतोड होता: पद्धत दोन्ही फेऱ्यांत तीच, मग वाढ कशी नाकारणार? थेंब चुकत असेल तर दोन्ही वेळा चुकला असेल. १९९८-९९ पासून जमलेली मालिका मात्र मध्येच तुटली. उद्या शिरेच्या रक्ताने आकडा खाली आला, तर तो गोळ्यांमुळे की सुईमुळे, हे कोण सांगणार?

त्यात ‘रक्त कमी’ या शब्दाचा घोळ. हिमोग्लोबिन उतरले म्हणजे लोहच कमी, असे धरून गोळ्या लिहिल्या जातात. बीटा थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक व्यक्तीचे हिमोग्लोबिन थोडे कमी, रक्तपेशी आकाराने लहान, पण संख्येने बऱ्याचदा भरपूर असतात. लोहाचा साठा पुरेसा असेल तर गोळ्यांनी तिथे काही साधत नाही. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि हिमोग्लोबिनचे प्रकार तपासले की उलगडा होतो, आणि लग्नाआधी तो झाला तर बरे. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या विकाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता चारात एक.

सिकलसेल हाही आनुवंशिक रक्तविकार, आदिवासी समाजांत जास्त आढळणारा. त्याच्या राष्ट्रीय मोहिमेने २०२३ मध्ये सुरुवातीला १७ राज्ये घेतली. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात आहेत, गोवा नाही. इथल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळून तेव्हा वीस वर्षे झाली होती.