बर्फ ढकलणं सोपं, ठेवायचा कुठे?

२७ डिसेंबर २०१२ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ४५ सेंटिमीटर बर्फ पडला. दिवसभरात इतका बर्फ तिथे आधी कधी नोंदला गेला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार दिवसांत दोन वादळं एकामागोमाग आली आणि ७० सेंटिमीटरहून जास्त बर्फ साचला. आठवडा उलटला तरी कित्येक गल्ल्यांमधले फुटपाथ ढिगाऱ्याखालीच होते. हिवाळ्यात सरासरी दोन मीटर बर्फ पाहणारं, त्यासाठी हजारो माणसं आणि यंत्रं तयार ठेवणारं हे शहर. त्याचीही अशी दमछाक का होते?

आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे ट्रकला पुढे पातं लावायचं आणि ढकलत जायचं. ते होतंच. अडीच सेंटिमीटर बर्फ साचला की मोठ्या रस्त्यांवर ट्रक उतरतात, मीठ पडतं, वाहतूक सुरू राहते. पण ढकललेला बर्फ जातो कुठे? रस्त्याच्या कडेला. आपल्याकडे नालेसफाईत काढलेला गाळ काठावरच ठेवतात आणि पहिल्या पावसात तो परत नाल्यात उतरतो, तसाच प्रकार. पुढचं वादळ आलं की कडेचा ढीग उंच होतो, रस्ता अरुंद होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वादळानंतर अग्निशमन दलाची गाडी आत शिरू शकत नाही. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांत तर इमारतींचे लोखंडी जिने बाहेरच्या बाजूला, थेट फुटपाथवर उतरणारे, आणि गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या. ढीग करायलाही जागा नाही. म्हणून १० ते १५ सेंटिमीटरच्या वर बर्फ पडला की हे शहर तो अक्षरशः उचलून गावाबाहेर, निदान वस्तीबाहेर, नेऊन टाकतं.

थोडा हिशोब करू. १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद गल्लीत २५ सेंटिमीटर बर्फ पडला, तर २५० घनमीटर बर्फ झाला. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. घनमीटरमागे १०० किलो धरले तरी वजन २५ टन. ढकलून दाबला की तो चार-पाचपट घट्ट होतो आणि ५०-६० घनमीटरात मावतो. म्हणजे मोठा ट्रक धरला तर दीड खेप. एका छोट्या गल्लीपुरतं हे काहीच नाही. पण शहराकडे रस्ते आणि फुटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर आहेत. सरासरी हिवाळ्यात १.२ कोटी घनमीटर बर्फ उचलला जातो, त्यासाठी ट्रकच्या जवळपास तीन लाख खेपा होतात.

आणि हे सगळं घाईनं करावं लागतं, कारण बर्फ पडल्यावर तसाच राहत नाही.

ताजा हिमकण भिंगाखाली पाहिला तर सहा फांद्यांची, टोकदार, नाजूक नक्षी दिसते. पात्यानं ढकलताना या फांद्या मोडतात आणि उरतो बारीक दाण्यांचा चुरा. दाणे जितके बारीक, तितक्या त्यांच्या एकमेकांना टेकलेल्या जागा जास्त. आता गंमत अशी की पाण्याचे रेणू टोकदार, फुगीर भागावरून सुटतात आणि दोन दाण्यांमधल्या खोलगट सांध्यात जाऊन बसतात. तिथे बर्फाची मान तयार होते आणि ती जाड होत जाते. मधे ना पाणी झालेलं असतं, ना तापमान शून्याच्या वर गेलेलं असतं. मातीचं भांडं भट्टीत भाजताना कण वितळल्याशिवाय एकमेकांना चिकटतात, त्यामागेही हीच क्रिया असते.

उणे १० अंशाला कसली आलीय भट्टी, असं वाटेल. पण पदार्थ 'तापलेला' आहे की नाही, हे त्याच्या वितळण्याच्या तापमानाशी तुलना करून ठरवावं लागतं. केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशाला शून्य धरून, मोजलं तर उणे १० अंशाचा बर्फ वितळण्याच्या तापमानाच्या ९६ टक्क्यांवर असतो. लोखंड तेवढ्याच टक्क्यांवर न्यायचं तर ते साधारण १,४७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल. लोहारासमोर पांढरं फटफटीत तापलेलं लोखंड जसं जोडायला तयार असतं, तसा बर्फ कडाक्याच्या थंडीतही जोडायला तयारच असतो. इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेच लक्षात आणून दिलं होतं: बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी चिकटतात. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो, असा त्याचा तर्क होता आणि तो पुढे खरा ठरला.

याचा रस्त्यावरचा अर्थ काय, तर ज्या ढिगात सकाळी फावडं सहज शिरतं, त्याच ढिगावर संध्याकाळी फावडं खणकन वाजतं. पात्यानं तुमच्या गाडीपुढे लोटून ठेवलेला बर्फ मूळ बर्फापेक्षा कितीतरी टणक का असतो, याचंही उत्तर हेच. चालकानं मुद्दाम केलंय, असा सगळ्यांचाच समज असतो. बिचारा निर्दोष असतो. दोष त्या मोडलेल्या फांद्यांचा.

टायरखाली दाबलेल्या बर्फाचं आणखी वाईट. तो डांबराला चिकटतो, आणि एकदा चिकटला की पातं वरून घसरत जातं. इथे मिठाचं काम सुरू होतं. मीठ बर्फ वितळवतं हे खरं, पण सगळा बर्फ मिठानं वितळवायचा म्हटलं तर दिवाळंच निघेल. उणे ५ अंशाला पाणी गोठू नये म्हणून ते सुमारे ८ टक्के खारं लागतं. म्हणजे आपल्या त्या गल्लीतल्या २५ टन बर्फासाठी दोन टनांहून जास्त मीठ. १०० मीटरसाठी! म्हणून मीठ टाकायचं ते फक्त डांबर आणि बर्फ यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार व्हावा आणि चिकटण्याची क्रिया सुरूच होऊ नये यासाठी. कित्येक शहरं तर वादळाच्या आधीच खारं पाणी फवारून ठेवतात. तिथेही मर्यादा आहे. मीठ आणि पाण्याचं कोणतंही मिश्रण उणे २१ अंशाच्या खाली द्रवरूप राहत नाही, आणि प्रत्यक्षात उणे १० च्या खालीच मीठ मंदावतं. अशा वेळी बारीक खडी टाकतात. खडीनं काही वितळत नाही, पण पाय आणि टायर घसरत नाहीत.

मग जाळून, तापवून वितळवावा का? न्यूयॉर्कसारख्या दाटीच्या शहरात मोठी वितळयंत्रं वापरतात, कारण टाकायला जागाच नाही. पण शून्य अंशाचा एक किलो बर्फ शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आपल्या गल्लीचा हिशोब केला तर एक थेंब वाया न घालवता २३० लिटर डिझेल लागेल. उचलून नेणं स्वस्त पडतं.

उचलण्याची युक्ती मॉन्ट्रियलच्याच परिसरातली. आर्थर सिकार्ड हा तिथल्या शेतकरी कुटुंबातला माणूस. धान्याच्या मळणी यंत्रावरून त्याला कल्पना सुचली: फिरणाऱ्या पात्यांनी बर्फ आत ओढायचा आणि नळीतून दूर फेकायचा. १९२५ मध्ये त्यानं ट्रकवर बसवलेलं असं यंत्र तयार केलं, आणि १९२७ मध्ये शेजारच्या आउटरमाँ नगरपालिकेनं पहिलं यंत्र विकत घेतलं. आज जगभर वापरात असलेल्या मोठ्या स्नोब्लोअरचा हा पूर्वज.

प्रत्यक्ष उचल पाहण्यासारखी असते. आधी फुटपाथवरून पट्ट्यांवर चालणारी चिमुकली वाहनं सुसाट जातात आणि फुटपाथचा बर्फ रस्त्यावर लोटतात. मागून ग्रेडर, म्हणजे पोटाखाली तिरपं पातं असलेलं लांब वाहन, येऊन दोन्हीकडचा बर्फ एका लांबलचक ओळीत आणतं. त्यामागे स्नोब्लोअर, आणि त्याच्या बाजूनं त्याच वेगानं चालणारा ट्रक. वरच्या नळीतून बर्फाचा झोत ट्रकमध्ये पडत असतो. ट्रक भरला की तो निघतो आणि झोत जवळजवळ न थांबता मागचा रिकामा ट्रक त्याची जागा घेतो.

पण कडेला एक जरी गाडी उभी असली तरी हा सगळा लवाजमा अडतो. म्हणून आदल्या दिवशी नारिंगी फलक लागतात: सकाळी ७ ते संध्याकाळी ७, किंवा संध्याकाळी ७ ते सकाळी ७, गाडी लावू नये. तरी कोणी ना कोणी विसरतंच. मग टोइंगची गाडी कर्कश भोंगा वाजवत गल्लीतून फिरते, आणि झोपेतून उठून कोट अंगावर चढवत धावणारी मंडळी दिसतात. जे येत नाहीत त्यांची गाडी उचलली जाते. पण पुण्या-मुंबईसारखी पोलिस चौकीत नाही, तर जवळच्याच साफ झालेल्या गल्लीत नेऊन ठेवतात. दंड भरायचा तो आहेच, वर गाडी शोधत हिंडायचं. (शहरानं त्यासाठी ऑनलाइन सोय केलेली आहे, यावरून हे किती वेळा घडत असेल ते समजावं.)

एवढ्या ताफ्याला कुठल्या गल्लीनंतर कुठली द्यायची, हे ठरवणं मात्र गणितज्ञांच्या हातात जातं. प्रत्येक रस्त्यावरून एकदा तरी जायचं आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवायचं, हा प्रश्न १९६० मध्ये चिनी गणितज्ञ ग्वान मेइगू यांनी पोस्टमनच्या फेरीच्या रूपात मांडला. त्याची मुळं गणितज्ञ ऑयलरच्या १७३६ च्या कोनिग्सबर्गच्या पुलांच्या कोड्यात आहेत: शहरातल्या सातही पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाता येईल का? ज्या चौकात विषम संख्येनं रस्ते मिळतात, तिथे एखाद्या रस्त्यावरून दुसऱ्यांदा जाणं आलंच. सगळे रस्ते दुतर्फा असतील तर उत्तर संगणक झटकन काढतो. काही एकेरी, काही दुहेरी असे मिसळले की प्रश्न इतका किचकट होतो की मोठ्या शहरासाठी नेमकं उत्तर हमखास देणारी जलद पद्धत कोणालाच सापडलेली नाही. त्यात इथे इस्पितळाचा रस्ता आधी हवा, पातं दोन्ही बाजूंनी फिरलं पाहिजे, आणि रिकामे ट्रक वेळेवर परतले पाहिजेत. ट्रक उशिरा आला तर स्नोब्लोअर, ग्रेडर, टोइंग, सगळेच हात चोळत उभे. म्हणून कुठल्या वस्तीचा बर्फ कुठल्या जागी टाकायचा, हादेखील स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला आणि मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी त्यावर बरंच काम केलं.

आधी कोणाचा रस्ता, हा प्रश्न निव्वळ गणिताचा नाही, हे शिकागोच्या महापौरांना १९७९ मध्ये कळलं. बर्फ नीट उपसला नाही म्हणून लोक चिडले आणि मायकेल बिलँडिक यांना प्राथमिक निवडणुकीत जेन बर्न यांनी हरवलं. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा गावानं वेगळा विचार केला. गाड्यांचे मोठे रस्ते आधी उपसायची पद्धत बदलून त्यांनी फुटपाथ, सायकलमार्ग आणि पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा आधी घेतल्या, कारण पायी जाणाऱ्यांत बायका जास्त. आणि काही सेंटिमीटर बर्फातून गाडी निघते, बाबागाडी निघत नाही. मला तरी हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो.

मॉन्ट्रियलचे ट्रक पोहोचतात ते २८ ठिकाणी. काही ठिकाणी जमिनीवर डोंगर रचतात. काही ठिकाणी मोठ्या सांडपाणी वाहिनीवर खड्डे केलेले आहेत, त्यात बर्फ ओततात. घराघरांतून आलेलं सांडपाणी हिवाळ्यातही शून्याच्या बरंच वर असतं, त्यामुळे वितळवण्याची उष्णता फुकट मिळते. सगळ्यात मोठी जागा म्हणजे सँ-मिशेल भागातली फ्रँकॉन ही चुनखडीची जुनी खाण. (खनिजशास्त्राच्या वर्तुळात ही खाण वेगळ्याच कारणानं प्रसिद्ध आहे. वेलोगनाइट हे दुर्मीळ खनिज १९६० च्या दशकात इथेच पहिल्यांदा सापडलं.) तिथे बर्फाचा ढीग इतका होतो की अनेकदा पुढचा हिवाळा येईपर्यंत तो पूर्ण वितळत नाही. वरची काजळी, खडी आणि कचरा सुरुवातीला ऊन शोषून वितळण्याला मदतच करतात, पण त्यांचा थर जाड झाला की उलट खालच्या बर्फाचं उन्हापासून रक्षण होतं.

पूर्वी हा बर्फ सरळ सेंट लॉरेन्स नदीत टाकत. आता ते बंद आहे. वितळलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे गाळ आणि कचरा अडतो, तेलाचा तवंग अडतो. मीठ अडत नाही. मिठातलं विरघळलेलं क्लोराइड गाळून काढण्याची सोय सांडपाण्याच्या नेहमीच्या केंद्रात नसते, आणि ते कुजत नाही, उडून जात नाही. नदी मोठी असल्यामुळे तिथे ते पातळ होतं, पण लहान ओढ्यांत आणि भूजलात साचत जातं. कॅनडा सरकारनं २००१ मध्ये रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला, आणि २००४ मध्ये त्याच्या वापराची आचारसंहिता आणली. बंदी घालता येत नाही, कारण मीठ थांबवलं तर अपघात वाढतात. पर्याय म्हणून काही गावांनी बिटाच्या साखरेची मळी मिठात मिसळून पाहिली. तिच्यामुळे मीठ रस्त्याला धरून राहतं. पण मळी पाण्यात गेली की तिथला प्राणवायू संपतो. साखर कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून सध्या भर आहे तो मीठ कमी वापरण्यावर. कोरडं मीठ टायरांनी उडून कडेला जातं, तर आधी ओलं केलेलं मीठ जागच्या जागी राहतं. रस्त्याचं तापमान हवेपेक्षा वेगळं असतं, म्हणून ते ट्रकवरच्या अवरक्त संवेदकानं मोजून तेवढंच मीठ सोडतात. आणि वाहतूक कमी असलेल्या गल्ल्यांमध्ये मिठाऐवजी नुसत्या खडीवर भागवतात.