मेल्टन मोब्रे: नाव पोर्क पायचं झालं, पण मूळ भानगड गवताची

इंग्लंडमधल्या लेस्टरला राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात ऑफिसमधल्या दोन-तीन जणांनी तरी विचारलं, मेल्टनला जाऊन आलास का. मेल्टन म्हणजे जवळचंच मेल्टन मोब्रे, पोर्क पायसाठी प्रसिद्ध गाव (पाय म्हणजे pie, कणकेच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ, आपला चालायचा पाय नव्हे). आम्ही हौसेने गेलो ते नेमके रविवारी. ट्रेनने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, स्टेशनवरून चालत चौकात आलो तर निम्म्या दुकानांची शटर्स खाली, दोन म्हातारे बाकावर बसलेले आणि बाकी कबुतरं. सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर सगळे हसायला लागले, म्हणे मेल्टनला मंगळवारी, बाजाराच्या दिवशी जायचं असतं रे, एवढंही माहीत नाही? मग रजा टाकून मंगळवारी गेलो. आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला की हा मंगळवार आला कुठून.

मला वाटलेलं कौन्सिलने ट्रॅफिक वगैरे बघून ठरवलेला वार असेल. तसं अजिबात नाही. नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर कोणाकडे किती जमीन, किती बैल, किती गिरण्या याची मोजदाद करायला लावली, ते डूम्सडे बुक १०८६ चं, त्यात मेल्टनच्या बाजाराची नोंद आहे आणि अख्ख्या लेस्टरशायर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नोंदलेला तो एकमेव बाजार. पुढे १३२४ मध्ये दुसऱ्या एडवर्डने सनद देऊन मंगळवारचा बाजार पक्का केला. म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य बुडून नुकती कुठे सहा-सात वर्षं झालेली, तेव्हापासून या गावाचा वार बदललेला नाही. नावातलं मोब्रे हे पण नॉर्मनच, त्या घराण्याचं मूळ गाव नॉर्मंडीतलं मोंब्रे. आणि मेल्टन म्हणजे सरळ 'मधलं गाव'. गावांची नावं ठेवताना लोक फार डोकं लावत नाहीत, आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दसारखंच.

आता 'मार्केट टाऊन' हा शब्द इथे सगळे सहज वापरतात, आपण ऐकतो आणि आठवडी बाजाराचं गाव असं धरून पुढे जातो. ते बरोबरच आहे पण त्यात एक मेख आहे. बाजार भरवणं हा तिथे हक्क होता, आणि तो राजाकडून मिळवावा लागायचा. चार शेतकरी वडाखाली जमले आणि बाजार सुरू झाला असं चालायचं नाही. सनद ज्याच्याकडे, तो जहागीरदार दुकान मांडणाऱ्याकडून जागेचं भाडं घेणार, विक्रीवर टोल घेणार, म्हणजे बाजार म्हणजे दुभती गाय. मग शेजारचाही म्हणणार मला पण बाजार हवा, आणि भांडणं सुरू. तेराव्या शतकात ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडिताने यावर हिशोब मांडून ठेवलाय तो मला फार आवडला. माणूस दिवसभरात वीस मैल चालतो असं धरा, त्याचे तीन भाग करा, एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेड असेपर्यंत घरी परतायला. म्हणून आधीच्या बाजारापासून सहा मैल आणि वर दोन तृतीयांश मैल, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटर, एवढ्या अंतराच्या आत नवा बाजार काढला तर तो जुन्या बाजाराला उपद्रव. इंग्लंडच्या नकाशावर ही छोटी छोटी गावं एकमेकांपासून ठराविक अंतरावर पेरल्यासारखी का दिसतात याचं बरंचसं उत्तर या चालण्याच्या हिशोबात आहे.

आणि बाजारात भांडण झालं, कोणी वजनात मारलं, तर निवाडा जागच्या जागी. जत्रा-बाजारांना जोडून छोटी कोर्टं असायची, त्यांना पायपावडर कोर्ट म्हणायचे. ऐकून मला वाटलं पायवर भुरभुरवायची काही पावडर असेल, पण तो मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'धुळीचे पाय'. म्हणजे वाटेवरून तसाच आलेला व्यापारी, उद्या दुसऱ्या गावाला जाणार, त्याला तारखांवर तारखा देऊन चालत नाही. आपल्याकडे वारकरी पाय न धुता तसाच देवाला भेटतो ती धूळभेट, इथे धूळपायाने न्याय.

मेल्टनमध्ये एकच बाजारपेठ नव्हती, प्रत्येक मालाला आपापला कोपरा आणि तिथे दगडी क्रॉस उभा. बटर क्रॉस, शीप क्रॉस, कॉर्न क्रॉस, सेज क्रॉस वगैरे. मूळ क्रॉस गेले पण नावं चिकटून राहिली, सेज क्रॉस नावाचा रस्ता आहे आणि केटलबी क्रॉसच्या नावाचा तर आता पब आहे. आपल्याकडे भांडी आळी, बोहरी आळी जशी, भांडी गेली तरी आळी राहते.

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते टाऊन इस्टेटचं. सोळाव्या शतकात राजाने आधी मठ आणि मग गिल्ड वगैरे धार्मिक संस्था बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मेल्टनकरांनी काय केलं, चर्चची चांदीची भांडी विकली आणि त्या पैशांतून गावाच्या नावावर जमीन घेऊन टाकली, १५४९ च्या सुमाराची गोष्ट. त्या जमिनीच्या भाड्यातून शाळा चालायची, रस्ते-पूल दुरुस्त व्हायचे, चर्चचं घड्याळसुद्धा. ती टाऊन इस्टेट अजून आहे, गावातली मोठी पार्कं तिची, आणि मंगळवारचा रस्त्यावरचा बाजार पण तीच चालवते. म्हणजे ज्या ओट्यावर मी चीज घेतलं त्याचं भाडं फिरून गावाकडेच जातं. साडेचारशे वर्षांहून जुनी देवस्थानची इनाम जमीन समजा, फक्त देवाऐवजी गावाची.

आता गवताकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

इथली जमीन चिकणमातीची, जड. नांगराला त्रास, पाणी साठतं, पण गवत काय उगवतं म्हणून सांगू. अठराव्या शतकात पार्लमेंटचे कायदे करून सामाईक शेतं आणि गायरानं मोडली, पट्टे एकत्र करून झुडपांची कुंपणं घातली आणि लेस्टरशायरमध्ये तर कितीतरी जमीन धान्यातून काढून थेट कुरणाला दिली. जमीनदाराचं भलं झालं, धान्यापेक्षा गुरांना माणसं कमी लागतात, आणि ज्याची एखाददुसरी गाय गायरानात चरायची तो बिचारा गेला मजुरीला. आज आपण ट्रेनच्या खिडकीतून बघतो आणि म्हणतो वा काय टिपिकल इंग्लिश हिरवळ, ती हिरवळ बऱ्याच जणांना घरातून काढून झालेली आहे.

कुरण म्हणजे गाय, गाय म्हणजे दूध, आणि फ्रिज नसताना एवढ्या दुधाचं करणार काय, तर चीज. मेल्टनच्या आसपासच्या गावांत निळ्या शिरांचं चीज व्हायचं, आणि ते विकलं जायचं लांब स्टिल्टन नावाच्या गावात, कारण ते गाव लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्यावर. तिथल्या बेल इन या खानावळीचा मालक कूपर थॉर्नहिल हे चीज घ्यायचा, आणि त्याला ते पुरवणाऱ्यांत मेल्टनजवळच्या वायमंडमच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईंचं नाव घेतात. घोडागाड्या थांबायच्या, लोक खायचे, विचारायचे कुठलं, उत्तर मिळायचं स्टिल्टनचं, झालं, नाव पडलं. 'रॉबिन्सन क्रूसो'वाल्या डॅनियल डिफोने १७२४ मध्ये लिहून ठेवलंय की हे चीज टेबलावर यायचं ते भोवती किडे-अळ्या वळवळत असलेलं आणि ते खायला बरोबर चमचा द्यायचे. आमच्या घरात हे वाचून दाखवल्यावर बायकोने आणलेला तुकडा फ्रिजच्या अगदी मागच्या कोपऱ्यात ढकलला. घाबरू नका, आता किडे नसतात, फक्त बुरशी, आणि आत हवा जाऊन ती पसरावी म्हणून चीजला स्टीलच्या लांब सुयांनी भोकं पाडतात.

साधारण आठ किलोच्या एका गोल ठोकळ्याला सत्तरपेक्षा जास्त लिटर दूध लागतं. मग उरलेलं पाणी जातं कुठे? आपल्याकडे पनीरची निवळी कणकेत घालतात, पण गावोगाव रोज पिंपच्या पिंप निवळी निघाली तर? डुकरांना. डुकरं त्यावर मस्त पोसायची, थंडीच्या तोंडाशी कापली जायची, आणि त्या मांसाचा पोर्क पाय. म्हणजे ज्याच्यासाठी गाव जगभर ओळखलं जातं तो पदार्थ चीजच्या सांडपाण्यातून आलेला. मी खातो म्हणून सांगतो, मेल्टनचा पाय कापला की आत मांस करडं दिसतं, गुलाबी नाही, कारण मांस ताजं असतं, खारवलेलं नाही, आणि बारीक खिमा न करता तुकडे केलेलं. चरबी आणि पाणी उकळून ते पिठात ओतून कणीक मळायची, लाकडी ठोकळ्यावर चढवून हाताने भिंत उभी करायची आणि साच्याचा आधार न देता तसंच भाजायचं, म्हणून याचं पोट सुटलेलं असतं, सरळ उभ्या भिंतीचा दिसला तर समजा मेल्टनचा नव्हे. भाजल्यावर झाकणाच्या भोकातून हाडांचा, खुरांचा रस्सा ओततात, तो थंड होऊन जेली होते, पोकळी भरते, हवा आत राहत नाही आणि पाय काही दिवस टिकतो. म्हणजे पायमध्ये पाया सूप. जेलीचा तो गार थर पहिल्यांदा जिभेला लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला, दुसऱ्यांदा चालतो. जुन्या इंग्रजीत या पारीला कॉफिन, म्हणजे शवपेटी, म्हणायचे हे मात्र खाऊन झाल्यावर वाचावं.

टिकाऊ आणि खिशात मावणारा, म्हणून तो आवडला घोडेस्वारांना. कारण तेच गवत आणि तीच कुंपणं कोल्ह्याच्या शिकारीला पण झकास, घोडा भरधाव सोडा आणि कुंपणांवरून उड्या मारा. क्वॉर्नच्या ह्यूगो मेनेलने १७५३ पासून वेगवान कुत्री पैदा करून हा खेळच बदलला, आणि क्वॉर्न, कॉट्समोर, बीव्हर या तिन्ही शिकारी टोळ्यांचे मुलूख मेल्टनपाशी येऊन भिडतात (बीव्हरचं स्पेलिंग वाचून मी बेल्व्हॉइर म्हणालो होतो, परत हशा). त्यामुळे थंडीत देशभरचे उमराव इथे घर करून राहायचे. शिकारीचा हंगाम आणि डुकरं कापायचा हंगाम एकच, उमरावांचे मोतद्दार खिशात पाय घेऊन निघायचे, मालकांनी एकदा चव घेतली आणि लंडनच्या क्लबांपर्यंत बोलबाला झाला.

या उमरावांचे धंदे पण काय एकेक. १८३७ च्या एप्रिलमध्ये वॉटरफर्डचा मार्क्विस मित्रांबरोबर पिऊन शर्यतींवरून परतला, टोलनाक्यावर लाल रंग सापडला, मग नाका, नाकेदार, पोलीस, व्हाइट स्वॉन खानावळीचा हंस, जे दिसेल ते रंगवलं. पुढे शंभर-शंभर पौंड दंड झाला. 'गाव लाल रंगवणे' हा इंग्रजी वाक्प्रचार इथूनच आला असं मेल्टनमध्ये ठासून सांगतात, पण तो छापील दिसायला लागतो तो साधारण पन्नास वर्षांनी आणि तेही अमेरिकेत, त्यामुळे मला काही पटत नाही. घटना मात्र खरी. पुढे १९३१ मध्ये जवळच्याच बरो कोर्टवर तेव्हाच्या युवराज एडवर्डला वॉलिस सिम्पसन ही अमेरिकन बाई पहिल्यांदा भेटली, पुढचं माहीतच आहे, राजा झाल्यावर तिच्याशी लग्न करायला त्याने गादी सोडली.

पाय धंदा म्हणून बाहेर नेला एडवर्ड ॲडकॉकने, १८३१ मध्ये, लीड्स-लंडन घोडागाडीवर टाकून. मग आली रेल्वे, आणि तिच्यावरून खरीखुरी मारामारी झाली. लॉर्ड हारबरो या जमीनदाराचे पैसे कालव्यात अडकलेले आणि रेल्वेची आखणी त्याच्या स्टेपलफर्ड पार्कातून, म्हणून १८४४ मध्ये मोजणीला आलेली माणसं आणि त्याचे नोकर यांच्यात सॅक्सबीजवळ हाणामारी. शेवटी रुळांना त्याच्या जमिनीभोवती वळसा घालायला लागला आणि ते अडनिडं वळण बरीच वर्षं तसंच राहिलं. १८४६ मध्ये गाडी मेल्टनला पोचली, पाय देशभर जायला लागले, कालवा मेला. नॉटिंगहॅम स्ट्रीटवरचं डिकिन्सन अँड मॉरिस १८५१ पासूनचं, मंगळवारी तिथे रांग असते.

नाव झालं की नक्कल आलीच. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा हे आपल्याला काय नवीन आहे. लांबच्या कारखान्यांतले पाय मेल्टनच्या नावाने विकायला लागले तेव्हा इथल्यांनी १९९८ मध्ये संघटना काढली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००९ मध्ये नाव युरोपियन कायद्याने बांधून मिळालं.

स्टिल्टन चीजला असं संरक्षण त्याआधीच, १९९६ मध्ये मिळालेलं. लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर, या तीन काउंटीतच ते करायचं. आणि स्टिल्टन गाव पडतं केंब्रिजशायरमध्ये. म्हणजे ज्या गावाच्या नावावर चीज खपलं त्या गावाला ते करून त्याच नावाने विकायची परवानगी नाही. त्यांनी अर्ज करून पाहिला, आमच्याकडेही पूर्वी चीज व्हायचं म्हणाले, पण सरकारने नाही म्हटलं. मेल्टनमध्ये हे सांगताना चीजवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघण्यासारखं होतं, मग त्याने तारेने कापलेल्या तुकड्यावर अजून एक चतकोर ठेवून वजन केलं, आणि पैसे मात्र दोन्हीचे घेतले.