घरच्या गाडीवर शिकताय? विम्याचं एवढं वाचा, मग चावी घ्या

बारावीची परीक्षा संपली की आमच्या विमा एजन्सीच्या ऑफिसचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजायला लागतो. "मुलीचं लर्निंग आलंय. क्लास लावलाय, पण रोजच्या अर्ध्या तासात हात बसत नाही. संध्याकाळी आपल्याच गाडीवर सराव करायचाय. महिन्याभराचा वेगळा विमा मिळेल का?" दिवाळीच्या सुट्टीत तोच प्रश्न पुन्हा येतो. मग कुणाचा तरी इंग्लंडमधला भाऊ सांगतो की तिकडे शिकणाऱ्यांसाठी काही तासांचा, आठवड्याचा, महिन्याचा असा विमा मिळतो, आणि आम्हाला पुन्हा फोन येतो.

भावाचं बरोबर आहे. पण तिकडची पद्धतच वेगळी. तिथे गाडी कोण चालवणार, त्यांची नावं पॉलिसीत असावी लागतात. वडिलांच्या गाडीवर मुलगा शिकणार असेल तर त्याचं नाव त्यात घालायचं, नाहीतर त्याच्यासाठी थोड्या मुदतीचा वेगळा विमा घ्यायचा. वेगळा घेतला की मुलाने गाडी ठोकली तरी वडिलांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शाबूत राहतो. शेजारी बसणाराही किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षं पक्कं लायसन्स असलेला लागतो.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. पॉलिसीत मालकाचं नाव असतं, चालवणाऱ्यांची यादी नसते. म्हणून तो महिन्याचा वेगळा विमा आम्ही विकत नाही, आणि तुम्हाला तो लागतही नाही. तुमच्या चालू पॉलिसीतच शिकणारा माणूस बसतो, फक्त काही अटींवर. त्या अटी आम्ही घातलेल्या नाहीत, पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या आहेत. 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा तीन-चार ओळींचा परिच्छेद शोधा. त्यात दुसरं वाक्य असं आहे की चालू लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही गाडी चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला हवा. सगळी गोम या नियम ३ मध्ये आहे.

नियम सोपा आहे. लर्निंग चालू हवं, म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं. शेजारी ती गाडी चालवण्याचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ आली तर गाडी आवरता किंवा थांबवता येईल. आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. त्याचं मापही नियमात दिलंय. पाटी किमान १८ बाय १८ सेंटीमीटर, अक्षर १० सेंटीमीटर उंच, खाली ९ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड. दुकानात मिळणारे पुष्कळ स्टिकर याहून लहान असतात.

शेजारी म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर. मागे बसून "हळू घे, हळू घे" म्हणणारी आजी नियमात बसत नाही. तिचं लायसन्स १९८५ सालचं असलं तरी नाही. मोटारसायकलचं लायसन्स असलेला मामाही चालत नाही, कारचंच हवं. हे उलटंही लागू आहे. तुमच्याकडे दहा वर्षं दुचाकीचं पक्कं लायसन्स असेल, पण कारसाठी लर्निंग काढलं नसेल, तर कारच्या बाबतीत तुम्ही विनालायसन्सच. फी घेऊन घरच्या गाडीवर शिकवायला येणारे ट्रेनर हल्ली बरेच झालेत. अशा ट्रेनरच्या लायसन्सचा फोटो पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि त्यावरची मुदतीची तारीख वाचा. संकोच वाटायचं कारण नाही, चांगला ट्रेनर स्वतःहून दाखवतो.

"आम्ही रस्त्यावर नाही, मैदानावरच शिकतोय," असं बरेच जण सांगतात. नाशिककरांना आम्ही स्वतःच सांगतो की रविवारी सकाळी सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीत जा, रस्ते रुंद आणि रिकामे असतात. पण ड्रायव्हर्स क्लॉजमध्ये मैदान, सोसायटी, पार्किंग अशी सूट कुठेच नाही. गाडी जिथे हलते तिथे ती अट लागू.

आता मुख्य मुद्दा. हे माहितीपत्रक खरं तर त्याच्यासाठीच छापलंय.

गाडी ठोकली की फोन येतो आणि पहिलं वाक्य असतं, "फॉर्मवर माझं नाव टाका हं, मुलाचं नको." कुणीतरी सांगितलेलं असतं की लर्निंगवर क्लेम मिळत नाही. हे चूक आहे. वरच्या अटी पाळल्या असतील तर मिळतो. नाव बदललं की मात्र नक्की अडकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका जुन्या ग्राहकाची मुलगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना खांबाला घासली. मागचा बंपर फुटला, डिकीचं दार दबलं, मागच्या सेन्सरचं काम निघालं. मुलीचं लर्निंग चालू होतं. शेजारी आई बसली होती, तिचं पक्कं लायसन्स. काचेवर एल. म्हणजे सगळं नियमात. वडील तेव्हा कंपनीत ड्युटीवर होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी कंपनीच्या अॅपवरून स्वतःच क्लेम टाकला आणि चालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. त्याने फोटो बघितले आणि एवढंच विचारलं, "साहेब, ही उशी कुणाची?" फोटोत ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर फुलाफुलांची उशी होती. साहेब सहा फूट उंच. वर सोसायटीच्या गेटवरच्या वहीत त्यांची बाहेर जायची आणि यायची वेळ लिहिलेली. मग खुलाशाचं पत्र आलं, त्याला उत्तर गेलं, पुन्हा पत्र आलं. शेवटी चुकीची माहिती दिली या कारणावरून क्लेम नाकारला गेला. फॉर्मच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली त्यांचीच सही होती, त्यामुळे आमच्याही हाती काही उरलं नाही. मुलीचं नाव लिहिलं असतं तर हे काम आठवड्यात उरकलं असतं.

म्हणून आमच्या ऑफिसातून फॉर्म जाताना चालकाच्या रकान्यात जो चालवत होता त्याचंच नाव जातं. यावरून दोन-तीन ग्राहक आमच्यावर रागावले, एक तर दुसऱ्या एजंटकडे गेला. आम्ही नाही म्हणतो ते तत्त्वाचा आव आणायला नाही. नंतरचे महिनाभर कंपनीला फोन आम्हीच करत असतो, आणि हाती यश येणार नाही हे आधीच दिसत असतं. गाडी कोण चालवत होतं ते आम्हाला पहिल्याच फोनवर सांगा. अट मोडली गेली असेल तर तेही सांगा. कुठे क्लेम करायचा आणि कुठे नाही, ते तेव्हाच नीट सांगता येतं.

प्रत्येक ओरखड्यावर क्लेम करू नका, हे आम्ही स्वतः विमा विकत असून सांगतोय. एक हिशोब बघा. बंपर ३,५०० रुपयांचा, रंगकाम २,५०० चं, एकूण ६,०००. गाडीची पॉलिसी साधी आहे, जादा संरक्षण घेतलेलं नाही. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे घसाऱ्यापोटी, म्हणजे भाग वापरून जुना झाला म्हणून, निम्मे म्हणजे १,७५० कापले जातात. रंगकामात चौथा हिस्सा मालाचा धरून त्याच्या निम्मे, म्हणजे साधारण ३१२, जातात. उरले ३,९३८. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० तुम्ही भरायचे. हातात येतात २,९३८. आता दुसरी बाजू. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता ९,००० आहे, तर तुम्ही ४,५०० भरताय. हा एक क्लेम केला की पुढच्या वर्षी पूर्ण ९,०००, आणि पुढचं वर्ष कोरं गेलं तरी बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू. तीन हजारांसाठी साडेचार घालवले.

हिशोब उलटा पडतो तो मोठ्या नुकसानीत. हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर असं लागलं तर क्लेम करायलाच हवा. म्हणून घरात शिकणारं माणूस असेल त्या वर्षी नूतनीकरणाला झिरो डेप आणि नो क्लेम बोनस प्रोटेक्ट, ही दोन ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षणं, घ्यावीत असं आम्ही सुचवतो. झिरो डेपने घसाऱ्याची कपात जाते, बोनस प्रोटेक्टने ठरलेल्या मर्यादेत क्लेम करूनही सूट टिकते. ही ॲड-ऑन चालू पॉलिसीत मध्येच सहसा मिळत नाहीत, म्हणून लर्निंग काढायच्या आधी नूतनीकरणाची तारीख बघा. कुठल्या कंपनीचं कितीला पडेल ते आमच्याकडे विचारा, तुलना करून देतो, त्याचे पैसे नाहीत. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच विमा, आहे त्यांच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला काहीच मिळत नाही, मग चालवणारा शिकाऊ असो की तीस वर्षांचा मुरलेला. आणि किलोमीटरवर हप्ता ठरणारी पॉलिसी असेल तर सरावाचे किलोमीटरही त्यातच मोजले जातात.

क्लच प्लेटबद्दलही नेहमी विचारलं जातं. पार्किंगच्या रॅम्पवर हाफ क्लचवर गाडी धरून धरून जळका वास आला, प्लेट गेली, तर ती झीज. अपघात नव्हे. विमा तिला हात लावत नाही, कुठल्याच कंपनीचा क्लेम फॉर्म भरून उपयोग नाही. रॅम्प शिकायचाच असेल तर आधी हँडब्रेक वापरून गाडी उचलायला शिका.

दुसऱ्याला लागलं तर गोष्ट गंभीर. माणसाला इजा झाली तर थर्ड पार्टी विमा भरपाई देतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात लर्निंगही लायसन्सच आहे असं मानलं आहे. पण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल किंवा अटी उघड मोडल्या असतील, तर कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयं देतात. ती रक्कम लाखांत असते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला कारच्या पॉलिसीत सहसा साडेसात लाखांची मर्यादा आहे.

१८ पूर्ण नसलेल्याला कारची चावी देऊ नका. यावर आम्ही वाद घालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. "फक्त कोपऱ्यापर्यंत" हेही त्यातच आलं.

आणखी एक बाब, जी कुणी विचारत नाही. पॉलिसीसोबतचा १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो. गाडी बाबांच्या नावावर आणि स्टिअरिंगवर मुलगी, तर तिला तो लागू नाही. तिच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढता येतो. तो महागही नसतो, आणि गाडीपुरता मर्यादितही नसतो.

ठोकली तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, एलची पाटी आणि नंबरप्लेट दोन्ही दिसतील असे. गॅरेजवाल्याने काम सुरू करण्याआधी आम्हाला फोन करा, कारण सर्व्हेअरने बघण्याआधी बंपर काढून ठेवला की पुढचं सगळं अवघड होतं. क्लासच्या गाडीवर काही झालं तर तो क्लासच्या विम्याचा विषय, तिथे आमचा संबंध नाही.

लर्निंगची तारीख लक्षात राहत नाही, हे आम्हाला माहीत आहे. आता ते आधारच्या ओटीपीवर घरबसल्या निघतं, पीडीएफ डाऊनलोड होते आणि कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहते. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, पण परीक्षा, लग्नं, पाऊस यांत सहा महिने निघून जातात आणि सातव्या महिन्यात सराव चालूच असतो. लर्निंगची प्रत आम्हाला व्हॉट्सॲप केलीत तर आम्ही मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी फोन करतो. गाडीचा विमा आमच्याकडे नसला तरी करतो.

आणि एलची पाटी. नियमाच्या मापाच्या आम्ही छापून घेतल्यात, पुढे-मागे लावायला दोन, मागे चुंबक. ऑफिसात येऊन घेऊन जा, पैसे लागत नाहीत. पक्कं लायसन्स आलं की परत आणून द्या, पुढच्याला देता येतात.