पैसे मधल्यामध्ये जात नाहीत

आमच्या सोसायटीतले एक काका दर महिन्याला रांगेत उभं राहून पासबुक छापून आणतात. मोबाइल बँकिंग सुरू करा म्हटलं की त्यांचा ठरलेला प्रश्न: "अरे, पण मधल्यामध्ये कोणी पैसे उडवले तर?" ह्याच काकांनी परवा, 'केवायसी नाही केलंत तर आज रात्री खातं बंद' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला डेबिट कार्डाचा नंबर वाचून दाखवला. ओटीपी सांगणार, तेवढ्यात काकूंनी फोन हिसकावला.

काकांची भीती खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलाय. 'मधल्यामध्ये' हाच या व्यवस्थेतला सगळ्यात भक्कम भाग!

तुमचा फोन आणि बँकेचा सर्व्हर यांना निरोप कुलूपबंद करायला एकच गुप्त किल्ली लागते, आणि ती ठरवायची चोरांच्या देखत. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी त्याची युक्ती प्रसिद्ध केली. शाळेतले घात आणि भागाकाराची बाकी, एवढं पुरे. २३ आणि ५ हे आकडे सगळ्यांना माहीत. फोन मनात ३ धरतो. ५ चा तिसरा घात १२५, त्याला २३ ने भागून बाकी १०. हा १० तो उघड पाठवतो. बँक मनात ७ धरते. ५ चा सातवा घात ७८१२५, बाकी १७. तीही १७ उघड पाठवते. आता फोन १७ चा तिसरा घात करतो: ४९१३, बाकी १४. बँक १० चा सातवा घात करते: एक कोटी, बाकी पुन्हा १४! किल्ली जुळली, आणि १४ हा आकडा तारेवरून गेलाच नाही. चोराला २३, ५, १०, १७ सगळं दिसलं, पण ३ किंवा ७ हुडकायला एकेक घात करून बघणं आलं. इथे ते मिनिटाचं काम. २३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची मूळ संख्या घेतली, की आजच्या संगणकांना तो उलटा हिशेब झेपत नाही. हल्ली घातांऐवजी बहुधा एका गणिती वक्रावरचे बिंदू वापरतात, मेख तीच. (डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पैसे तरीही सुरक्षित राहतील.)

मात्र १७ पाठवणारी खरोखर बँकच आहे कशावरून? त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र असतं. पण ते फक्त वेबसाइटच्या पत्त्याची खात्री देतं, हेतूची नाही. बँकेसारख्या नावाची भामट्याची वेबसाइटही रीतसर प्रमाणपत्र मिळवते. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना फक्त त्यांनाच मिळणाऱ्या 'डॉट बँक डॉट इन' पत्त्यावर जायला लावलं. जाहिरातीतली 'लष्करी दर्जाची सुरक्षा' यातलं काहीच सांगत नाही. आणि एटीएममध्ये पिन उलटा टाकला की पोलिस येतात, ही थाप तर काकांनीच मला तीनदा फॉरवर्ड केलीय.

पासबुकाने तरी काय वाचतं? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते बँकेच्या यंत्रणेवर हल्ला करून. तिथे ॲपवाला आणि रांगेतला खातेदार यांत फरक नव्हता, आणि बँकेने खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं सांगितलं.

जोखमीच्या मानसशास्त्रात पॉल स्लोविक यांचं नाव मोठं. न दिसणारा, आपल्या हाती नसलेला धोका माणसाला आकड्यांहून मोठा वाटतो, असं ते दाखवतात. तार दिसत नाही म्हणून ती भयंकर; फोनवरचा माणूस 'साहेब, साहेब' म्हणत गोड मराठी बोलतो म्हणून तो आपला. शिवाय त्याचं भांडवलच तुमची भीती. 'तुमचं खातं धोक्यात आहे' हे वाक्य निर्धास्त माणसावर चालत नाही.

गंमत म्हणजे, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात चूक ना तुमची ना बँकेची, दुसरीकडेच कुठे छिद्र पडलं, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. पिन-ओटीपी स्वतःच सांगून बसलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणजे काका ज्याला घाबरतात ते पैसे परत मिळण्याजोगे.

काकांनी ॲप अजून घेतलेलं नाही. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर मात्र पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलाय, काकूंच्या अक्षरात.