दुबईला मुलांना न्यायचंय? आधी जन्मदाखला उघडून बघा

म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला माणूस आखातात आहे आणि बायकोमुलांना न्यायचं ठरलं की सगळे आधी पगाराचंच विचारतात. तो नियम सरळ आहे. यूएईत महिना ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहायची जागा कंपनीची, एवढं असलं की फॅमिली स्पॉन्सर करता येते, म्हणजे आपल्या व्हिसावर बायकोमुलांना नेता येतं. दुबईत घराचा भाडेकरार इजारीत, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणीत, रजिस्टर पाहिजे, बेडस्पेसवर, म्हणजे खोलीतल्या नुसत्या एका खाटेवर, होत नाही. खरं अडतं ते जन्मदाखल्यावर.

नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो आणि पुढे कोणी बघतच नाही. नोंदीपासून १५ वर्षांच्या आत नाव घालता येतं, आजच घालून घ्या. दुसरी अडचण आईच्या नावाची. पहिलं बाळंतपण माहेरी, दवाखान्यात नाव सांगितलं माहेरचं आणि पासपोर्टवर आहे सासरचं, मग तिकडचा माणूस विचारतो ही आई कोण. दुरुस्ती जिथे जन्माची नोंद आहे तिथेच होते, राहता दापोलीत आणि मूल झालं महाडला तर महाडलाच जायचं, आपल्या ग्रामसेवकाशी भांडून काही होत नाही. लग्नाचंही रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटच लागतं, लग्नपत्रिका चालत नाही.

आणि हात जोडून सांगते, दाखले लॅमिनेट करू नका. २०२१ च्या पुरात चिपळूणला लोकांचे कागद गेले, त्या धास्तीने आता सगळे प्लास्टिकमध्ये घालतात, पण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारता येत नाही, नवीन प्रत काढावी लागते.

आता शिक्क्यांचं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा आहे असा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, तो असला की एम्बसीत जावं लागत नाही. पण यूएई, कतार, कुवेत हे देश अपोस्टिल मानत नाहीत. त्यांच्यासाठी आधी मुंबईचं मंत्रालय, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची इथली एम्बसी, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं, असा शिक्क्यांचा क्रम आहे. ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदीला अपोस्टिल चालतं. एजंट शेजाऱ्याचं सौदीचं काम बघून "अपोस्टिल करून देतो" म्हणतो, पैसे घेतो, आणि दुबईला तो कागद परत येतो. ही चूक इतक्या जणांची होते की राग येतो, कुठल्याच ऑफिसात याचा एक साधा बोर्ड लावायला काय जातं?

हे सगळं मुलं इथे असतानाच उरका. यूएईत पोचल्या दिवसापासून ६० दिवसांत रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचा, अर्ज करायचा असतो आणि तिथून ओरिजिनल मुंबईला पाठवून शिक्के मारून परत मागवायचे म्हणजे ते दिवस कधी संपतात कळत नाही.

शाळेचं गणित वेगळंच. आपली शाळा जूनला उघडते, तिकडच्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि अ‍ॅडमिशन त्याच्या कितीतरी आधी असतात. मे महिन्यात निकाल हातात घेऊन गेलात तर जागा नसते. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत मागा, कुठल्या इयत्तेत पास झाला ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची काउंटरसाइन घ्या, मुख्याध्यापकांच्या सहीवर भागत नाही. यूएईत अरबी विषय नववीपर्यंत सक्तीचा असतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

लसीकरणाचं कार्ड मात्र कोणाकडेच धड नसतं, फाटलेलं नाहीतर तारखा पुसलेल्या. शाळा ते मागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रजिस्टर असतं, सिस्टरकडून तारखा काढून घ्या आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने इंग्रजीत लिहून घ्या.

विम्याचं शेवटचं पण महत्त्वाचं. दुबईत कंपनीला फक्त कामगाराचा विमा काढायची सक्ती आहे, बायकोमुलांचा खर्च स्पॉन्सरवर, म्हणजे नवऱ्यावर. अबू धाबीत बायको आणि १८ च्या खालची तीन मुलं कंपनीवर येतात. एजंट "विमा आम्ही बघतो" म्हणाला तर पॉलिसी कुठल्या दवाखान्यात चालते, मुलाला दम्यासारखा जुना आजार असेल तर तो धरलाय की नाही, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.